चुंबकावरची लव

माझ्या नणंदेला मी वन्सं म्हणते. वयानं ती माझ्याहून लहान. मी लग्न होऊन आले तेव्हा दोन वेण्या घालून दारात उभी होती आणि माझ्या हातातलं घड्याळ कसं उघडतं ते विचारत होती. तरी नणंद ती नणंद. अहो-जाहो केलं नाही तर सासूबाईंच्या भुवया वर जायच्या. ते तोंडात बसलं ते बसलंच. लिहिताना मात्र मी 'ती'च लिहिणार, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं कुणी भारदस्त बाई आहे. भारदस्त वगैरे काही नाही. नखांत काळं तेल, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल, आणि बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायची सोय नाही.

आमच्या गल्लीत बरीच वर्षं लोकांचा समज होता की ती दातांची डॉक्टर आहे. शेजारणीनं मला विचारलं होतं, "तुमच्या नणंदबाई काय हो करतात?" मी म्हटलं, "दात तपासतात. झिजलेत का, तडा गेलाय का, ते बघतात." खरं तेच होतं. फक्त ते दात हेलिकॉप्टरच्या गिअरचे होते, एवढं सांगायचं राहिलं. पुढे एका रविवारी शेजारीण सुजलेला गाल धरून आमच्याकडे येऊन बसली तेव्हा उलगडा झाला. वन्संनं तिला तोंड उघडायला लावलं, टॉर्च मारून नीट बघितलं आणि म्हणाली, "काकू, काढावाच लागेल हा. पण माझ्याकडचा पान्हा तुम्हाला फार मोठा होईल." कामावरही तिला सगळे दातवाल्या बाईच म्हणायचे.

तिचं काम म्हणजे मोडलेलं उघडून बघणं. एक लांबलचक खोली, उत्तरेला मोठ्या खिडक्या, मधोमध लोखंडी टेबल. जिथे कुठे हेलिकॉप्टरचा गिअरबॉक्स मोडेल तिथून तो पेटीत घालून तिच्या टेबलावर यायचा. ती तो सुटा करायची आणि कुठला तुकडा आधी मोडला, कुठला नंतर, आणि का, ते शोधायची. कुणी तुकडे धुऊन-पुसून चकचकीत करून आणले की ती भडकायची. "आंघोळ घालून कशाला आणलंत? बोलायचं होतं त्याला काहीतरी!" शिकलेली होती, परीक्षा दिलेल्या होत्या, पण निम्मं काम नाकानं करायची. जळकं तेल आणि नुसतं जुनं तेल ह्यांतला वास तिला जिन्यातून कळायचा.

मला तिनं सगळं शिलाई मशीनवर समजावलं होतं. "वहिनी, इंजिनाला भलती घाई असते. वरच्या मोठ्या पंख्याला तेवढी घाई सोसत नाही. म्हणून मध्ये गिअरबॉक्स. तो घाई कमी करतो, जोर वाढवतो. तिथूनच एक लांब दांडा शेपटीकडे जातो. शेपटीच्या टोकाला छोटा गिअरबॉक्स आणि त्यावर छोटा पंखा. तो छोटा थांबला की अख्खं यंत्र भोवऱ्यासारखं स्वतःभोवती गरगरतं."

"मग दुसरा दांडा ठेवायचा ना जोडीला," मी म्हटलं. "इंजिनं दोन-दोन असतात म्हणता."

"हीच तर गंमत. ह्या दांड्याला सवत नाही. हा गेला की गेला. म्हणून तो जायच्या आधी कळलं पाहिजे."

तिचं कौतुक झालं ते एका पट्टीमुळे. पूर्वी ह्या यंत्रांच्या शेपटीत एक तेलाची नळी हलून हलून पत्र्याला घासायची आणि पातळ व्हायची. एकदा उडत असतानाच ती फुटली. पायलट कसाबसा खाली उतरला. वन्संनं ती नळी बघून सुचवलं की आडवी पट्टी बसवा, तिला आतून रबर लावा, म्हणजे नळी जाग्यावर राहील. तिच्याबरोबर एक साहेब होते, यंत्रांचे नकाशे काढणारे. आम्ही त्यांना नकाशेवाले म्हणायचो. त्यांनी ती कागदावर उतरवली. सगळ्या यंत्रांना पट्टी लागली आणि नळी पुन्हा कधी फुटली नाही. सत्कार झाला, सासूबाईंनी फोटो भिंतीवर लावला. लोक लेकीबद्दल बोलतात तशी वन्सं 'माझी पट्टी' म्हणायची.

आमचे हे, म्हणजे तिचे थोरले भाऊ, त्याच धंद्यातले. आजारी माणसांना हॉस्पिटलात पोचवणारी हेलिकॉप्टरं जिथे उभी असतात तिथे मेकॅनिक. रोज सकाळी यंत्र तपासून सही करायची. त्यांची सही झाल्याशिवाय यंत्र जमीन सोडायचं नाही. घरात ह्यांना पोस्टाच्या पावतीवर सही करायला सांगितलं तरी आधी हात धुऊन यायचे.

त्या तपासणीत एक बूच असतं. छोट्या गिअरबॉक्सच्या तेलात बुडालेलं, टोकाला चुंबक. आत लोखंड झिजलं की त्याचा कण चुंबकाला चिकटतो. बूच अर्धं फिरवून काढायचं आणि बघायचं. बारीक, मऊ, करड्या केसांसारखं काही चिकटलं असेल तर त्याला मेकॅनिक लोक म्हणायचे 'लव'. लव सगळ्याच यंत्रांना येते, ती झिजेची. पुसायची, बूच लावायचं, सही करायची. चपटा, चमकणारा तुकडा आला तर ती 'खपली'. खपली आली की यंत्र जाग्यावर. असा साधा हिशेब होता आणि सगळ्यांच्या तोंडात बसला होता.

एका दुपारी ह्यांनी सकाळी सही केलेलं यंत्र पडलं.

पेशंटला पोचवून परत येत होतं, आत एकटा पायलट. शेपटीचा पंखा थांबला आणि यंत्र गरगरायला लागलं. पायलटनं हुशारीनं इंजिन बंद केलं, नुसत्या वाऱ्यावर फिरणाऱ्या मोठ्या पंख्याच्या भरवशावर खाली आणलं आणि एका मोकळ्या मैदानात आपटलं. जीव वाचला. पाठीचं हाड मोडलं.

हे घरी आले ते बूट न काढताच खुर्चीवर बसले. चौकशी पूर्ण होईपर्यंत ह्यांचा सहीचा अधिकार काढून घेतला होता. पुढे तो मिळेल की कायमचा जाईल, कुणालाच माहीत नव्हतं. ज्या माणसाच्या सहीवर लोक आकाशात जात होते, त्याला आता हँगरमध्ये, म्हणजे यंत्रं ठेवायच्या शेडमध्ये, झाडू मारायलाही कुणी बोलावत नव्हतं. जेवायला वाढलं की भात चिवडत बसायचे.

मोडलेला गिअरबॉक्स अर्थातच वन्संच्या टेबलावर गेला. मला बरं वाटलं. म्हटलं, घरचं माणूस आहे, सांभाळून घेईल. वन्संनं पहिल्याच दिवशी मोठ्या साहेबांना सांगितलं, "हा माझा सख्खा भाऊ आहे. एकही नट मी एकटी उघडणार नाही. नकाशेवाल्यांना शेजारी उभं करा." हे ऐकून माझा अर्धा धीर सुटला. उरलेला तिनं घरी येऊन सोडवला.

आली ती चपला काढत काढतच बोलायला लागली.

"दादा, त्या दिवशी बूच काढलंस तेव्हा काय होतं?"

"लव."

"नेहमीएवढी?"

मी मध्ये पडले. "वन्सं, आधी चहा तरी घ्या."

"वहिनी, चहा पळून जात नाही. दादा, नेहमीएवढी?"

"थोडी जास्त," हे म्हणाले. "बरेच दिवस थोडी जास्तच येत होती."

"कुणाला बोललास?"

"लवेचं कुणी बोलतं का, ठकू? उद्या म्हणशील घाम आला तरी कळवत जा."

"मी हे लिहून देणार आहे."

माझं डोकंच फिरलं. "द्या की लिहून! चांगलं ठळक अक्षरात द्या. सख्खा भाऊ आहे, हात आखडता घेऊ नका!"

"वहिनी, त्याची सही आधीच आहे तिथे. मी काय वेगळं लिहिणार?" ती माझ्याकडे न बघताच म्हणाली आणि स्टूल ओढून भावासमोर बसली. "आता माझं ऐक. आतलं बेअरिंग बघितलं मी. त्याच्या कड्याची सालपटं निघालीत, बोराच्या सालीसारखी. असं एका दिवसात होत नाही. तेलात खपल्या कधीपासून फिरत असणार. मग त्या तुझ्या चुंबकावर का नाही आल्या?"

"नव्हत्या. डोळ्यांनी बघितलंय, एकही नव्हती."

"तुझ्या डोळ्यांबद्दल मी काही म्हणतच नाही. कसं काढतोस ते दाखव."

"आता इथे? काय दाखवू, डोंबल?"

तिनं माझ्या फडताळातून लाटणं घेतलं आणि कपाट नि भिंत ह्यांच्या मधल्या फटीत उभं केलं. "हे बूच. काढ."

ह्यांनी बाही वर केली, हात आत घातला, लाटणं धरलं, अर्धं फिरवलं आणि बाहेर आणलं. हसायची वेळ नव्हती, पण मला हसू आलं. वन्सं मात्र मांजर उंदराच्या बिळाकडे बघतं तशी ह्यांच्या मनगटाकडे बघत होती.

"पुन्हा."

पुन्हा काढलं.

"मनगट असं का वळवलंस?"

"कसं?"

"असं. फटीत भरपूर जागा आहे, लाटणं सरळ येईल. तू तिरकं करून काढलंस. दोन्ही वेळा."

हे स्वतःच्याच हाताकडे बघत राहिले. "सगळेच तसं काढतात. सवय आहे. सरळ येतच नाही ना तिथे, वाटेत ती…" आणि थांबले.

"काय आहे वाटेत?"

"पट्टी."

"कुठली पट्टी?"

"तुझीच, ठकू."

वन्सं कधी गप्प बसलेली मी पाहिलेली नव्हती, त्या दिवशी पाहिली. मग तिनं पुढ्यातला गार झालेला चहा एका दमात पिऊन टाकला, "रबर," एवढंच म्हणाली आणि चपला घालून गेली.

पुढचं मला तिनंच नंतर सांगितलं. नकाशेवाल्यांनी आपले नकाशे काढून बघितले. नळीच्या नकाशात पट्टी होती. गिअरबॉक्सच्या नकाशात बूच होतं. दोन्ही एकाच कागदावर कुठेच नव्हती, म्हणून ती एकमेकांच्या वाटेत येतात हे कागदाला कधी कळलंच नाही. हातांना कळलं होतं. पण हात काय बोलणार? ते वळून मोकळे झाले.

मग त्या दोघांनी तसल्याच दुसऱ्या यंत्राच्या चुंबकावर थोडी लव आणि मुद्दाम चार-सहा खपल्या लावून, पट्टी सोडवून बूच आत बसवलं, पट्टी पुन्हा लावली आणि मेकॅनिकांना एकेक करून बोलावलं. कशासाठी ते सांगितलं नाही. "बूच काढून दाखवा" एवढंच. जो येई तो मनगट वळवून काढी आणि म्हणे, "लव आहे, बाई." एकाच्याही चुंबकावर खपली राहिली नव्हती. लव चुंबकाला अंगासरशी चिकटून बसते. खपली कडेवर उभी राहते. बूच तिरकं येताना पट्टीच्या रबराला घासायचं आणि रबर जे उभं असेल ते खरवडून घ्यायचं. धोक्याची खूण नेमकी तेवढीच वाटेत पुसली जात होती.

पडलेल्या यंत्राची पट्टी उघडली तर रबराखालच्या काळ्या वंगणात चमकणाऱ्या खपल्याच खपल्या. नकाशेवाले चष्मा काढून पुसायला लागले.

"बाई, हे आपल्या दोघांचं आहे."

"कल्पना माझी होती," वन्सं म्हणाली. "रेषा तुमच्या."

चौकशीच्या दिवशी हे बाहेरच्या बाकावर बसले होते, मी शेजारी. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे आतलं ऐकू येत होतं. वन्संनं सगळं सांगितलं. भावानं जास्तीची लव बघितली आणि कुणाला कळवलं नाही, हे आधी. मग, लव कळवावी असा नियम कुठेच नव्हता. मग, खपल्या त्याला दिसणं शक्यच नव्हतं आणि त्याचं कारण तिनं स्वतः सुचवलेली पट्टी.

मोठे साहेब म्हणाले, "बाई, पट्टीला मंजुरी आम्ही सगळ्यांनी दिली होती. तुमचं नाव घालायलाच हवं का?"

"भावाचं घातलं आणि माझं गाळलं, तर वहिनी मला घरात घेतील का?"

आत कुणीतरी हसलं. मी पदराचं टोक तोंडात धरलं. तिच्याशी मी बरेच दिवस धड बोलले नव्हते, चहासुद्धा पुढ्यात ठेवून आत निघून जात होते. आणि ती आत उभी राहून स्वतःच्या हातानं स्वतःचा सत्कार भिंतीवरून उतरवत होती. रडत नव्हती, आवाज चढवत नव्हती. नळी फुटली तेव्हा नळीबद्दल जशी बोलली असेल तशीच बोलत होती. असं बोलायला काय लागतं ते मला ठाऊक नाही. मला तरी जमलं नसतं.

पायलट मात्र लवकर विरघळला नाही आणि त्याचंही बरोबरच होतं. हे भेटायला गेले तर पलंगावर पडल्या पडल्या म्हणाला, "काका, पट्टी-बिट्टी मला सांगू नका. माझ्या पाठीला सांगा." हे तसेच परत आले. पुढे तो बरा होऊन पुन्हा उडायला लागला.

मग बदल सुरू झाले. बूच खालच्या बाजूला नेलं, सरळ हातात येईल असं. त्याला तार जोडून पायलटच्या समोर दिवा बसवला, म्हणजे मोठी खपली चिकटली तर उडत असतानाच कळेल. आतल्या बेअरिंगला तेल कमी पोचत होतं, तेही नकाशेवाल्यांनी शोधून काढलं आणि वाट रुंद केली. पट्टी राहिली, कारण नळी सांभाळायला ती लागतेच. फक्त तिची जागा बदलली. वन्सं म्हणायची, "एक मोडलं ते नीट करताना शेजारचं काय झाकलं गेलं, ते आता आधी बघते."

एक बदल मात्र ह्यांचा. वन्सं विचारायला आली होती, "दादा, किती आहे ते लिहिल्याशिवाय पुसू नका असा नियम करू का?"

"कर. कुणी पाळणार नाही," हे म्हणाले. "हाताला सवय असते, तो पुसून मोकळा होतो. पुसा म्हण. पण पांढऱ्या फडक्यावर पुसा, आणि फडकं टाकू नका. काल किती होती, आज किती आहे, शेजारी ठेवून बघू दे."

"बघ! डोकं आहे तुला."

"तुझ्याआधी जन्मलोय मी."

तेव्हापासून तिथे नुसतं 'लव आहे' म्हटलेलं चालत नाही. किती आहे ते फडक्यावर दाखवावं लागतं.

ह्यांना समज मिळाली, पुन्हा परीक्षा द्यावी लागली, आणि बऱ्याच महिन्यांनी सहीचा अधिकार परत आला. मी आनंदानं नवीन शर्ट काढून ठेवला. तर हे म्हणाले, "नको वाटतं गं. पेन धरलं की बोटं गार पडतात." सही करायचे, पण यंत्र सुखरूप परत येईपर्यंत हँगरच्या दारात उभे राहायचे. घरी आले तरी कान आकाशाकडे. घास तोंडाशी धरून थांबायचे. मला वाटायला लागलं, अधिकार परत आला, माणूस काही परत येत नाही.

एका सकाळी पेशंट आणायला यंत्र निघायचं होतं. तोच पायलट बसलेला, दिवा विझलेला, म्हणजे सगळं ठीक. ह्यांनी बूच सरळ काढलं. चुंबकावर तिळाहून लहान एक चमक. दिवा लागायला ती पुरेशी नव्हती. फडक्यावर घेतली, कालच्या फडक्याशेजारी ठेवली. काल नव्हती.

तळावरचे साहेब धावत आले. "दिवा लागलेला नाही. पेशंट वाट बघतोय. एवढ्याशा कणासाठी थांबवता?"

"दुसरं यंत्र मागवा," हे म्हणाले. "ह्याच्यावर मी सही करत नाही."

साहेब बरंच बोलले. ह्यांनी पेन खिशातून काढलंच नाही. शेवटी पायलटच खाली उतरला आणि शिरस्त्राण काढून काखेत धरून उभा राहिला. दुसरं यंत्र दुसऱ्या तळावरून आलं. पेशंटला उशीर झाला, पण तो पोचला.

हे त्या दिवशी दुपारीच घरी आले. मी घाबरून विचारलं, "झाली ना सही?"

"नाही केली," म्हणाले आणि हात धुवायला गेले.

काय झालं ते सगळं ताटावर बसून सांगितलं आणि सांगता सांगता जेवले. मी वाढत गेले, हे जेवत गेले. आपण किती खाल्लं ह्याच्याकडे ह्यांचं लक्षच नव्हतं.

संध्याकाळी वन्संचा फोन आला. "वहिनी, दादाला द्या. जन्मात पहिल्यांदा माझ्या टेबलावर न मोडलेला गिअरबॉक्स आलाय, मला काय करावं सुचेना!"

ह्यांनी फोन घेतला. "हं… बेअरिंगलाच?… कुठल्या बाजूला?… नखाएवढा तडा? मग अजून थोडे दिवस चालला असता आणि मोडला असता… हो, फडकं ठेवलंय जपून."

फोन ठेवला आणि मला म्हणाले, "त्याच खेपेची बेअरिंगं बाकीच्या यंत्रांतही आहेत. उद्या सगळी बघायला मलाच बोलावलंय. सकाळी लवकर उठव."

आणि सकाळपासून खिशात तसंच राहिलेलं पेन काढून शाई आहे का ते वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर गिरगटून बघायला लागले.